आपांच्या गवतावरच्या चकत्या

सुपारीचा रोग मला कळायचा. नारळाचा, आंब्याचा, पानवेलीचाही कळायचा, आणि नाही कळला तरी कळल्यासारखा चेहरा करायची कला शेतीखात्यात पहिल्या वर्षातच येते. पण मालवणात एका गृहस्थाच्या दारातल्या गवताने मला जो चकवा दिला, तो निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही. चकवा म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. एकाच माळावर गोल गोल फिरत राहायचं, आणि घर समोर असून दिसायचं नाही!

तेव्हा आमचा सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता, सगळा कारभार रत्नागिरीहून चाले. माझं काम झाडांच्या रोगांवर औषध फवारायचं. पाठीवर पितळी पंप, हातात नळी, पिशवीत मोरचूद. लोक मला पंपमास्तर म्हणत. आमच्याकडे बोर्डो मिश्रण नावाचं एक औषध होतं, आणि खरं सांगायचं तर जवळजवळ तेवढंच होतं. एका लाकडी पिंपात मोरचूद विरघळवायचा, दुसऱ्यात कळीचा चुना विझवायचा, आणि दोन्ही एकदम तिसऱ्यात ओतायची. आकाशी रंगाचं पाणी तयार होतं. त्यात कोयतीचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला, आणखी घाला, नाहीतर पानं जळतील. पातं स्वच्छ निघालं की बेलाशक मारा. पावसाळ्यात कोवळ्या सुपाऱ्या बुरशीने कुजून टपाटपा गळू लागल्या की बागायतदार माझी वाट बघत बसायचे. त्या दोन महिन्यांत मला जावयासारखा मान असे.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक आजी पंपाला हळदकुंकू लावून गाऱ्हाणं घातल्याशिवाय मला बागेत पाऊल टाकू देत नसे. एकदा इन्सुलीच्या नाक्यावर शिपायाने माझी पिशवी उघडली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, त्यामुळे झडती कसून. निळे खडे बघून तो हरखलाच.

"ह्यां काय?"

"सुपारीचं औषध."

"खावन दाखवा."

"खाईन की. पण मग माझ्या घरी तार तुम्हीच करायची."

मेल्याने तासभर बसवून ठेवलं मला. असो. हे सगळे रोग आणि ही सगळी माणसं मला समजत होती. आपा सारंग समजले नाहीत.

आपा सारंग म्हणजे मालवणहून देवबागच्या वाटेवर, समुद्राच्या बाजूला राहणारे एक म्हातारे. उभी हयात बोटीवर गेलेली. वाढप्याचे बटलर झाले, देशोदेशीची बंदरं पाहिली, आणि म्हातारपणी घरी आले ते डोक्यात एक खूळ घेऊन. विलायतेत घरापुढे गवत लावतात, तसं आपल्या दारात पाहिजे. कोकणात घरापुढे सारवलेलं खळं असतं. भात, मिरच्या, कोकमाची सोलं, मासळी, काय वाटेल ते तिथे वाळत पडतं. आपांनी ते खळं मोडलं. वाळूवर लाल मातीच्या गाड्या ओतल्या, शेताच्या मेरेवरची हरळी आणून एकेक काडी रोवली, आणि दोन वर्षांत खरोखर हिरवीगार हिरवळ उठवली. शिंप्याच्या कातरीने स्वतः कापायचे. तिच्यावर पाय ठेवायची कुणाची छाती नव्हती.

"गवत गुरांका घालतत, हेंनी गवताक घर घातल्यानी," असं त्यांची बायको म्हणायची. सगळे त्यांना काकी म्हणत.

त्या घरात दोन गोष्टी जपून ठेवल्या होत्या. एक गवत आणि दुसरं आपांचं वैर. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंत. आपांनी आपल्या जुन्या कप्तानाचे पाय धरून त्याला बोटीवर जागा मिळवून दिली होती. बोट सुटायच्या दिवशी हा पठ्ठ्या गोदीतूनच परत फिरला आणि मुंबईत एका छापखान्यात चिकटला. आपांची मान खाली गेली. त्यांनी वाडीतल्या चार माणसांसमोर शब्द टाकला, की वसंताने ह्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, आणि ह्या घरातलं एक सोलसुद्धा मुंबईला जायचं नाही. त्या दिवसापासून त्या घरात मुलाचं नाव निघत नव्हतं. हे मला वाडीतल्या प्रत्येकाने सांगितलं, तेही मी न विचारता.

मी पहिल्यांदा गेलो तो गणपतीनंतर. गवतावर तपकिरी डाग पडले होते. सकाळी दहिवर असताना वाकून पाहिलं तर पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी! मला इतका आनंद झाला की काय सांगू. आपांना म्हटलं, "तुम्ही संध्याकाळी पाणी घालता ना? बंद करा. रात्रभर गवत ओलं राहतं आणि बुरशीचं फावतं. पाणी घालायचं ते सकाळी. दहिवर बांबूच्या काठीने झटकून टाका. मासळीचं खत जरा आवरा. खालचं कुजलेलं गवत दाताळ्याने ओढून काढा, वारा खेळला पाहिजे." मग पातळ बोर्डो फवारलं. आठवडाभर आपांची हिरवळ निळी दिसत होती. वाडीतली माणसं मुद्दाम बघायला येत. पण डाग थांबले, नवे कोंब फुटले, आणि माझी ऐट वाढली.

दिवाळीनंतर परत निरोप आला. रोग उलटला.

जाऊन बघतो तर गवतावर पिवळट चकत्या, चांगल्या परडीएवढ्या आणि गोल गरगरीत. पहिले डाग वेडेवाकडे होते, हे जणू कुणी दोरी धरून आखलेले. वाकून पाहिलं, धागे नाहीत. भिंग लावलं, धागे नाहीत. पाऊस कधीच संपलेला, गवत कोरडं. बुरशीला ओल लागते हो! ओलीशिवाय ती जगेल कशी? तरी तोंडातून निघालं, "बुरशीच आहे." आणि मारलं औषध.

पंधरवड्याने गेलो तर जुन्या चकत्या बऱ्या होत आलेल्या आणि नव्या भलतीकडेच! आता रोग पसरतो, वाढतो, झाड मारतो, हे सगळं मी शिकलो होतो. पण रोग जागा बदलतो, बिऱ्हाड हलवल्यासारखा इकडून उठून तिकडे बसतो, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बुरशी आहे, मारा." वाडीतले म्हणाले, "देवचार फिरता थंय. तेका नारळ देवा." मी औषधही मारलं आणि एक नारळही ठेवला. उगाच कुणाला नाराज कशाला करा!

त्यात काकींचं वागणं. इतर घरांत बायका म्हणायच्या, मास्तर, जरा कडक मारा. काकी चहा आणून द्यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "पंपमास्तरानू, ह्यो रोग सगळोच जातलो काय? लय जोराचा मारू नकात हां." आणि मांजरं! आख्ख्या वाडीतली मांजरं त्या हिरवळीच्या कडेला येऊन बसायची आणि गवताकडे टक लावून बघायची. मी ती दर खेपेला बघत होतो. गवताशी मांजराचा काय संबंध, असा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

आणि आपा तर त्याहून. मी म्हटलं, "आपा, एकदा दिवसभर पाळत ठेवू या. काहीतरी ह्या गवतावर येतंय."

ते एकदम तडकले. "पाळत कोणी ठेवूची? मी जेवन निजतंय. माझी झोप मोडूची नाय."

"मग मी बसतो दुपारचा."

"तुमी सकाळचे येवा. रोग बघा, दवा मारा आणि जावा. दुपारचा काम नाय तुमचा."

रोगाच्या नावाने शंख करायचा आणि तो पकडायला निघालं की वाट अडवायची. माझं डोकं चालेना.

मग एकदा देवबागेत एकाच्या नारळांना भुंगा लागला होता तिथे गेलो होतो. काम लवकर आटपलं. परत येताना भर दुपारी आपांच्या दारावरून जात होतो. पंप खांद्यावर, घसा कोरडा पडलेला. म्हटलं, तांब्याभर पाणी प्यावं. कुंपणाच्या बेड्यातून आत शिरलो आणि जागच्या जागी थांबलो.

हिरवळीवर वेताच्या उथळ परड्या मांडलेल्या. परड्यांत चिरून खारवलेले बांगडे. काकी हातात काठीसारखं शिरपूट घेऊन कावळे हाकत बसलेल्या. परडीच्या विणीतून खारं पाणी थेंब थेंब गवतावर गळत होतं.

तुम्ही म्हणाल, एवढं साधं तुला कळलं कसं नाही? अहो, मी फोंडाघाटचा माणूस! सुका बांगडा आम्हाला ठाऊक तो निखाऱ्यावर भाजलेला, पेजेच्या बाजूला. तो वाळताना काय करतो, खाली काय गळतं, हे आमच्या घाटाच्या पायथ्याला कुणी पाहिलंय? किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही ती चकती बघून सांगतं. मी भिंग लावून बघत होतो.

काकींचा चेहरा पांढरा पडला. माजघरातून आपांचं घोरणं ऐकू येत होतं.

"मास्तरानू, तुमच्या पाया पडतंय, हेंका सांगू नकात," त्या कुजबुजल्या. "वश्याक बाजारातलो बांगडो गळ्याखाली उतरणा नाय. मागल्यादारी ऊन नाय. पुळणीर घातलंय तर वाळू लागता. गवतार कसो लख्ख सुकता. बोटीन जाणाऱ्या कोणाकडे तरी गाठोडा दितंय."

"आणि रोज जागा बदलता?"

"एकाच जाग्यार ठेवलंय तर गवत मरात. हेंचो जीव आसा त्या गवतार."

म्हणजे बघा, नवऱ्याचा शब्द मोडायचा, पण त्याचं गवत मरू द्यायचं नाही. मी पाणी न पिताच सटकलो.

पुढल्या खेपेला आपांनी हिरवळीच्या मधोमध उभं राहून मोठ्याने विचारलं, "काय पंपमास्तर? खंयचो रोग ह्यो?"

काकी दारात उभ्या. हातातलं भांडं त्यांनी घट्ट धरलं होतं. मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा चकतीकडे.

"बुरशी," मी म्हटलं.

"पसरतली?"

"नाही. एवढीच राहते."

"गवत मारतली?"

"वर भरपूर पाणी घातलं की बरं होईल."

"मग मारा तुमचा औषध," आपा म्हणाले आणि समाधानाने आत गेले. मी पंपात साधं पाणी भरलं आणि चकत्यांवर धो धो मारलं. खार धुऊन निघायला तेच औषध होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो तो प्रकार निदान थांबला.

त्यानंतर कितीतरी वर्षं हेच चाललं. दिवाळी झाली, पावसाळ्यात बंद असलेल्या मुंबईच्या बोटी सुरू झाल्या, की आपांचा निरोप यायचा, रोग इलो. मी जायचो, बुरशी म्हणायचो, पाणी मारायचो, चहा प्यायचो. गोवा स्वतंत्र झाला, इन्सुलीच्या नाक्यावरचा शिपाई बदलला, माझे केस पिकायला लागले. आपांच्या गवताचा रोग काही हटला नाही. खात्यात तर त्या रोगामुळे मला मान मिळाला. नव्या पोरांना सांगत, किनाऱ्यावरच्या बुरशीतलं काही अडलं तर ह्यांना विचारा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक गोष्ट मात्र राहून राहून सतावायची. एकदा बाजारातून जाताना सुक्या मासळीच्या ढिगाजवळ नाकाला रुमाल लावला आणि तिथेच उभा राहिलो. एवढा वास! आपांच्या निजायच्या खोलीची खिडकी थेट हिरवळीवर उघडते. मालवणात जन्मलेला माणूस, त्याच्या नाकापासून दहा हातांवर बांगडा सुकतोय, आणि ह्याला पत्ता नाही? असं कसं होईल? मग वाटलं, म्हातारपणी नाक गेलं असेल. मग वाटलं, छे, परवा चहात आलं कमी पडलं ते ह्यांनीच ओळखलं की! काही सुधरेना. शेवटी विचार करणं सोडून दिलं.

आणि मग एका वर्षी निरोप आला नाही. आपा स्वतःच आले.

कचेरीत आले ते डगला घालून, हातात छत्री घेऊन. हेडक्लार्कच्या टेबलासमोर उभे राहिले आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "आमच्या गवतावर यंदा रोग पडलेला नाही."

हेडक्लार्कने मान वर केली. "मग अभिनंदन."

"अभिनंदन कसलं? मला ह्यांच्याशी बोलायचं आहे."

मी त्यांना बाहेर सुरंगीच्या झाडाखाली नेलं. तिथे त्यांची पुस्तकी मराठी गळून पडली.

"काकी विहिरीर पडली. खुबो मोडलो. पावसात पडली ती अजून उठाक नाय."

मला काहीच माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेलो, त्यांनी हाताने थांबवलं.

"खिडकीकडे खाट घातलंय. दिवसभर गवत बघत पडान ऱ्हवता. काल माका म्हणता, गवत बरा झाला हां यंदा. आणि रडाक लागली." आपांनी छत्री मातीत रोवली. "बोटी सुरू झाल्यो. तू काय तरी कर. रोग लाव."

"काय?"

"रोग लाव रे! वाडीत कोणाक सांगाक जावचा नाय. तुकाच काय तां ठावक."

माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी वर्षं फिरली. "आपा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळो जल्म दर्यार काढलंय. सुक्या बांगड्याचो वास माका येवचो नाय?"

"मग ते घोरणं?"

"घोराक काय लागता?"

मला हसू येत होतं, संताप येत होता, आणि काय येत होतं कोण जाणे. "अहो, मग मला का पंप घेऊन नाचवलंत इतकी वर्षं?"

आपा छत्रीच्या टोकाने माती उकरत होते. "मी चार माणसांसमोर बोलान बसलंय. बोललेला गिळाक येणा नाय. ती सुकवता, मी निजतंय, दोगांचाय चलत होता. पण गवतार चकती पडली आणि मी काय्येक बोललंय नाय, तर तिका कळला असता मी बघलंय म्हणान. भियान थांबली असती. म्हणान रोग म्हटलंय. रोग म्हटलो की औषधवालो येवक होयो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू बुरशी म्हटलंस, तेवा माझो जीव खाली पडलो."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तर एकच मूठ दोघं दोन बाजूंनी झाकून बसली होती, आणि मी भिंग घेऊन मध्ये.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून ताजे बांगडे घेऊन गेलो. मागच्या पडवीत आपांनी बाह्या सरसावल्या आणि साहेबलोकांच्या टेबलासाठी कापावेत तसे ते बांगडे कापले. काम देखणं, पण मीठ किती घालायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. आपांनी चिमटीने भुरभुरवलं. मी म्हटलं, "आणखी घाला." ते म्हणाले, "तुका काय कळता, फोंड्याचो तू." म्हटलं, ते खरंच. एक रात्र बरणीत ठेवून पुढल्या दुपारी काकींचा डोळा लागल्यावर आम्ही परड्या बाहेर काढल्या. चोरपावलांनी हिरवळीवर मांडल्या. आपांनी इतक्या वर्षांत कुणाला पाय ठेवू दिला नव्हता त्या गवतावर आम्ही दोघे उकिडवे बसून कावळे हाकत होतो. मांजरं आली, आपापल्या जुन्या जागी बसली. काकी जाग्या व्हायच्या आत परड्या आत.

असे काही दिवस गेले आणि गवतावर चकती उमटली. फिकटच, पण गोल. मी हिरवळीवर वाकलो. आपांनी खिडकीकडे तोंड करून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"मेलो रोग! परत इलो! पंपमास्तर, बघा काय तां!"

मी बघितल्यासारखं केलं. मग काकींना भेटायला आत गेलो. खाटेवर त्या अगदी मूठभर झाल्या होत्या. पण उशीवरून मान उचलून खिडकीबाहेर बघत होत्या, आणि डोळे पूर्वीसारखे लुकलुकत होते.

"रोग इलो काय मास्तरानू?"

"आला काकी."

"औषध मारू नकात."

"नाही मारत."

त्यांनी मला जवळ बोलावलं. बाहेर आपा अजून रोगाला शिव्या घालत होते.

"चकती फिकट आसा," त्या हळूच म्हणाल्या. "मीठ कमी पडला. तेंका सांगा, मुठीन घालूक होया. नायतर मुंबैक पोचासर कुसतलो."

मी नुसती मान हलवली आणि बाहेर आलो. आपा हिरवळीच्या कडेला उभे होते.

"आपा," मी म्हटलं, "मात्रा कमी पडली. मूठभर घालायला सांगितलंय."

"कोणी सांगल्यान?"

मी खिडकीकडे बघितलं. आपांनीही बघितलं. मग ते सावकाश खाली बसले, त्या गवतावर, चकतीच्या शेजारी, आणि डगल्याच्या बाहीने तोंड पुसत म्हणाले, "तिका इचार, सोलांका मीठ किती घालूचा?"